झाड पडतं ते मार्किंगला

नव्या संसद भवनाला नागपूरचा साग लागला, असं 2023 मध्ये सगळीकडे छापून आलं. आम्हा निवृत्त वनखातेवाल्यांना त्याचा अभिमान वाटला आणि थोडं हसूही आलं. नागपूर ही सागाची बाजारपेठ. लाकडगंजात आरामशिनी आहेत, सिव्हिल लाइन्सला वनभवन आहे, 1974 साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाचं मुख्यालयही इथंच. पण नाव काढावं असा साग वाढतो तो चंद्रपूर-गडचिरोलीकडे, आलापल्लीच्या बाजूला, आणि विकला जातो बल्लारपूरच्या आगारात. त्याच वर्षी मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठीचा साग बल्लारपुरातूनच वाजतगाजत निघाला. तो कापला कुणी, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला विचाराल तर कापणाऱ्याआधी निवडणाऱ्याची चौकशी व्हायला हवी होती. माझी सगळी नोकरी त्या निवडण्यातच, म्हणजे मार्किंगमध्येच गेली.

शहरात समज असा, की ठेकेदार कुऱ्हाडी घेऊन जंगलात शिरतो आणि दिसेल ते पाडतो. चोरटी तोड अशीच होते, ते नाकारत नाही. सरकारी तोड मात्र कागदावरून जंगलात येते. प्रत्येक वन विभागाची कार्य आयोजना असते. जंगलाचे कूप पाडलेले असतात आणि कोणत्या वर्षी कोणता कूप, हे आधीच ठरलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशानंतर केंद्राने मंजूर केलेल्या आयोजनेबाहेर तोड करताच येत नाही.

पण आयोजना लिहिणारा अधिकारी प्रत्येक झाडापाशी उभा राहिलेला नसतो. तिथं उभे राहतात वनपाल, वनरक्षक आणि गावातले पाच-सात मजूर. कुऱ्हाड पडण्याच्या कितीतरी आधी ही मंडळी कूप ओळीनं पिंजून काढतात. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप गुंडाळायचा आणि ओरडायचं, ‘साग, एकशे बत्तीस!’ रजिस्टरवाला तेच परत म्हणतो आणि लिहितो. जे झाड पाडायचं त्याची साल दोन ठिकाणी तासायची, एकदा छातीशी आणि एकदा अगदी बुडाशी. दोन्हीकडे नंबर, आणि बुडाच्या घावावर हातोड्याचा शिक्का. बुडाशी अशासाठी, की झाड गेलं तरी खुंट राहतो. नंतर तपासणीला येणारा साहेब खुंटावरचा शिक्का शोधतो. शिक्का नसला तर ते झाड चोरीचं. त्यामुळे हातोडा कुलपात राहतो, कुणाकडे कधी दिला याची नोंद होते, आणि तो हरवला तर माणसाची झोप उडते.

घेर मोजणं कुणालाही जमतं. कसब आहे ते कोणतं झाड सोडायचं यात. समजा आयोजनेत 120 सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि समोर दीडशेचा सरळसोट साग उभा आहे. आगारात त्याला उत्तम भाव येईल. पण आसपास दुसरं बियाचं झाड नसेल, तर तो राखावा लागतो. नाल्याच्या काठचं झाड माती धरून असतं, ते सोडायचं. मोह, चारोळी ही तर गावाची झाडं. ऐनाच्या जुन्या ढोलीत धनेश असेल तर तिथं टेप काढायचाच नाही. उलट वाकडा, फांदाळलेला साग शेजारच्या चार चांगल्या पोरांचा उजेड अडवून बसलेला असतो. तो आधी काढायचा. महामंडळाच्या रोपवनात विरळणी करतात ती याचसाठी, आणि ती पाहून शहरातली माणसं हळहळतात. त्यांनी विरळणी न झालेलं रोपवन एकदा बघावं. काठ्यांचं रान असतं नुसतं.

यातलं बरंचसं मला मजुरांनी शिकवलं. पुस्तकात पोकळ झाडाची लक्षणं वाचली होती. देवलापारकडे एका म्हाताऱ्या मजुराने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बुंध्यावर दोन ठोके मारले, कान लावला आणि म्हणाला, ‘आतून पोकळ हाय जी, जळतनालेच जाईन.’ खात्याच्या कोणत्याही हुद्द्याला त्यावर बोलायला जागा नव्हती.

प्रत्यक्ष तोड पावसाळा संपला की सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपते. ज्या बाजूला झाड पाडायचं तिकडे कुऱ्हाडीनं खाच, मग उलट बाजूनं आरा. खुंट जमिनीलगत, 15 सेंटिमीटरच्या आत आणि किंचित उतरता ठेवायचा. पाणी साचलं नाही तर सागाला पावसाळ्यात धुमारे जोमानं फुटतात. मग ओंडक्यांचं मोजमाप. मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 120 सेंटिमीटर घेर आणि 3 मीटर लांबी असेल तर 0.27 घनमीटर. भूमितीनं हिशेब केला तर 0.34 च्या वर येतं. नवा वनरक्षक दचकतो, की सरकारचं लाकूड गेलं कुठं? गोल ओंडका चौकोनी करताना जी कड वाया जाते, ती या जुन्या ब्रिटिश सूत्रानं आधीच वजा केलेली असते.

वनरक्षकाला एवढंच काम नसतं. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम. जाळरेषा साफ हव्यात, उपग्रहाचा संदेश मोबाइलवर आला की त्या अक्षांश-रेखांशावर ब्लोअर घेऊन पळायचं. त्यात मोहफुलं, मग तेंदूपत्ता. आणि वर्षभर वाघ. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. नवी पोरंपोरी हुशार आहेत, धाडसी आहेत. पण त्यांचं कौतुक होतं ते वाघासाठी. बढतीच्या मुलाखतीत मार्किंगवर प्रश्न आल्याचं मी अलीकडे ऐकलेलं नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. चंद्रपूरच्या वन अकादमीतल्या प्रशिक्षणार्थींना आठवडाभर कूपात न्यावं आणि शिकवायला जुने मजूर बोलवावेत. त्यांना रोजंदारी नको, व्याख्यात्याचं मानधन द्यावं. ते कोणत्या लेखाशीर्षाखाली घालायचं ते वनभवनातले लेखापाल शोधतील; याहून अवघड शीर्षं त्यांनी शोधून काढलेली मी पाहिली आहेत.