सातपुड्याच्या पायथ्याशी एक ढेकर

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी सावदा, निंभोरा अशी स्टेशने मागे टाकीत रावेरला येते, तोवर खिडकीतून एकच पीक दिसत राहते. केळी! उजव्या हाताला तापीचे खोरे, डाव्या हाताला दूरवर सातपुड्याची निळी रांग, आणि मध्ये नजर पोहोचेल तिथवर हिरवी पाने. रावेरला येणारा पाहुणा बहुधा केळीच्याच व्यवहारासाठी येतो. ‘मी गुरे पाहायला आलो आहे,’ असे सांगताच स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याने मला आपादमस्तक न्याहाळले.

“का हो भाऊ, तुमच्या गावाला गुरं नाहीत काय?”

आहेत. पण तिथली गुरे दावणीला असतात. मला पाहायची होती चरणारी गुरे, कारण हल्ली सगळ्या जगाने त्यांच्यावर एक आरोप ठेवला आहे. म्हणून मी पालची एस.टी. धरली.

पाल हे रावेर तालुक्यातलेच गाव. पण रस्ता सातपुड्यात चढू लागला की केळीचे राज्य संपते आणि साग, सालई, अंजन यांचे सुरू होते. तडवी आणि पावरा लोकांची वस्ती लागते. १९६९ साली झालेले यावल अभयारण्य याच डोंगरात आहे. पावसाळा संपून गवत नुकतेच पिवळे पडू लागले होते. उतारावर तांबूस अंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची गुरे विखुरली होती. ही निमाडी जात. खरगोन-बडवानीकडची, पण सातपुड्याच्या अलीकडेही नांदणारी. काटक आणि चपळ, पण दुधाला बेताची.

झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या गुराख्याला मी रामराम केला.

“बाबा, गुरं किती?”

“माझी चार, बाकी गावाची.”

“दूध?”

“वासराला पुरतं. वर चहापुरतं.”

मग मी त्याला सांगितले, की गुरांच्या ढेकरांमुळे पृथ्वी तापते असे शास्त्रज्ञ म्हणतात. तो खो खो हसला. “ढेकर देणारं जनावर चांगलं, साहेब. ढेकर थांबला की पोट फुगतं, अन् मग पळा डॉक्टरकडे!”

म्हातारा शंभर टक्के खरे बोलला होता, आणि शास्त्रज्ञही. गाय गवत खाते, पण ते पचवते तिच्या कोटीपोटातली अब्जावधी सूक्ष्म जीवांची वसाहत. चाऱ्यातला तंतू तिथे आंबताना हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबवण्याचे काम मंदावेल. म्हणून दुसरे काही सूक्ष्म जीव तो कर्बवायूशी जोडून मिथेन तयार करतात. गोबर गॅसच्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळतो तोच हा वायू. फरक इतकाच, की शेणातला वायू टाकीत धरता येतो. तोंडावाटे सुटलेला धरणार कोण?

हा वायू हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, आणि शंभर वर्षांचा हिशेब केला तर वजनास वजन कर्बवायूच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे आपल्या देशात गाई-बैल १९ कोटींवर, म्हशी जवळजवळ ११ कोटी, शेळ्या सुमारे १५ कोटी आणि मेंढ्या ७ कोटींवर आहेत. इतके ढेकर एकत्र केले तर दुर्लक्ष करता येत नाही.

उपाय काय? न्यूझीलंडने २००३ साली यासाठी गुरांवर कर बसवायचे ठरवले. शेतकऱ्यांनी त्या कराला दिलेले नाव दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. शिवाय ते शास्त्राला धरूनही नव्हते, कारण वायू बहुतांशी पुढच्या बाजूने येतो! एका खासदाराने तर संसद भवनाच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला. कर बारगळला. आता परदेशात खाद्यात औषध मिसळून दुभत्या गाईंचा वायू शेकडा ३० पर्यंत कमी करतात. पण ते गोठ्यातल्या गाईला. डोंगरभर चरणाऱ्या निमाडी गाईच्या प्रत्येक घासात औषध कोण घालणार?

आणि इथेच मला वाटते, आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच उभा आहे. चाऱ्यातल्या ऊर्जेपैकी शेकडा २ ते १२ हिस्सा या वायूच्या रूपाने उडून जातो. म्हणजे नुकसान आधी गुराख्याचे, मग जगाचे. चारा जितका रखरखीत, तितका दुधाच्या लिटरमागे वायू जास्त. मार्गशीर्षानंतर इथली गुरे वाळक्या काड्यांवर जगतात. आपण ढेकर तृप्तीचा समजतो. यांचा ढेकर पुष्कळदा अर्धपोटी असतो.

परतताना खाली रावेरच्या शिवारात पाहिले. घड उतरवलेल्या केळीचे खांब बांधावर कुजत पडले होते. त्यांत पाणीच फार आणि प्रथिन थोडे; पण पानांसह कुट्टी करून कडब्यात मिसळले तर टंचाईत आधार होतो. शंभर किलो वाळल्या चाऱ्यावर चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडला आणि तो तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवला, तर निकस चाराही पचनी पडतो. माप मात्र चुकता कामा नये. जास्त युरिया म्हणजे विष. बाभळीच्या शेंगांत टॅनिन असते, ते बेताने पोटात गेले तर वायू करणाऱ्या जिवांना आवर घालते. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने अशाच टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य बनवले असून त्याने वायू शेकडा १७ ते २० घटतो, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. संध्याकाळी गुरे घरी परततात तेव्हा घमेलेभर खाद्य पुढे ठेवता येते. चरणे बंद करावे लागत नाही.

चांगल्या चाऱ्याने जनावर गप्प होणार नाही; पोटभर खाल्ले तर एकूण ढेकर थोडे वाढतीलही. पण तेच दूध कमी जनावरांकडून मिळेल, आणि डोंगरावरचे गवतही जरा श्वास घेईल. हे सारे सांगितल्यावर पालच्या म्हाताऱ्याने एकच प्रश्न विचारला होता: “म्हणजे कमी ढेकर, जास्त दूध?” जगभरच्या परिषदांनी आपला ठराव लिहिताना हेच चार शब्द आधी लिहावेत. पृथ्वी थंड ठेवण्यासाठी तो गुराखी काही करील असे मला वाटत नाही. दुधासाठी मात्र तो उद्याच कोयता घेऊन केळीच्या बांधावर उतरेल.