खेपेला काय घेता?

सेप्टिक टाकी उपसायचा व्हॅक्यूम टँकर घेतला तेव्हा मला ट्रॅक्टर चालवता येत होता, बाकी काही येत नव्हतं. राहुरीच्या आसपास गेल्या काही वर्षांत बंगले, भाड्याच्या खोल्या, मंगल कार्यालयं झपाट्यानं उठली. ड्रेनेजची लाइन नाही, त्यामुळे प्रत्येक घराच्या मागे एक टाकी. ट्रॅक्टर वर्षातले बरेच महिने उभाच असायचा, म्हणून त्याच्यामागे ओढायचा टँकर जोडला. लोकांचे फोन लगेच सुरू झाले आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: “दादा, खेपेला काय घेता?” मी गोंधळून जायचो. टाकी केवढी, रस्त्यापासून किती आत, गाळ किती घट्ट, उपसलेलं नेऊन टाकायचं कुठं, यातलं काहीच कळलेलं नसताना आकडा सांगायचा कसा?

ज्यांच्याकडे शिकलो त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांचे वडील बादली आणि फावड्यानं हे काम करायचे. त्यांच्या जातीवर ते पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं होतं. मैला डोक्यावरून वाहायची पद्धत बंद करा, असं मुंबई सरकारनं १९४९ साली नेमलेल्या बर्वे समितीनं सांगितलं होतं. त्यानंतरही कित्येक वर्षं बादली सुटली नाही. मी टँकर घेतल्यावर आमच्या भावकीतले काही जण म्हणाले, “हे आपलं काम आहे का?” मामांच्या हाताखाली उभं राहिल्यावर या प्रश्नाची मला लाज वाटू लागली. घाण प्रत्येकाच्या घरातली असते, मग ती काढायचं काम एकाच समाजाचं कसं?

पहिले काही दिवस मामांनी मला पाइपाला हात लावू दिला नाही, फक्त गेजवरचा काटा बघायला सांगितलं. माझी समजूत होती की पंप मैला ओढतो. मामा म्हणाले, “पंप मैल्याला शिवतसुद्धा नाही. तो डब्यातली हवा काढतो. बाहेरची हवा टाकीतल्या पाण्यावर दाब देते आणि तोच दाब पाणी पाइपातून वर ढकलतो.” हे समजायला मला वेळ लागला, पण एकदा डोक्यात बसलं आणि बाकीची बरीच कोडी आपोआप सुटली. हवेच्या दाबाला मर्यादा आहे, म्हणून पाणी किती वर चढेल यालाही मर्यादा आहे. समुद्रकाठी हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच, तिथं तो सातशेच्या आसपास भरतो. त्या दाबावर, पंप अगदी निर्दोष असला तरी, साधं पाणी जेमतेम ३१ फूट चढेल. त्यात पाइपाचं घर्षण आणि गाळाचा घट्टपणा आला. म्हणून वीस फुटांच्या खालचा गाळ निघेलच, अशी हमी मामा देत नाहीत. टाकी रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर आधी उंची मोजायची आणि मगच हो म्हणायचं.

डब्यावरच्या छोट्या सापळ्यात एक गोळा तरंगत असतो. डबा भरला की तो वर येऊन हवेची वाट बंद करतो, नाहीतर मैला पंपात शिरून आतल्या पट्ट्या खराब होतात. पंपाचं तेल रोज बघायचं. घट्ट गाळ अडकला की पाइपाचं तोंड थोडं वर उचलायचं, म्हणजे हवा आणि गाळ आळीपाळीनं आत जातात आणि हवेच्या जोरानं गाळ सरकतो. तेवढ्यानं जमलं नाही तर थोडं पाणी सोडून गाळ ढवळायचा. हे सगळं हातानं आणि कानानं शिकायचं काम आहे. पाइपातला आवाज बदलला की आत काय चाललंय ते मामांना बघावं लागत नाही.

टाकीच्या आत तीन थर असतात. वर तेला-तुपाची साय, मधे गढूळ पाणी आणि तळाशी काळा गाळ. पाइप टाकला की मधलं पाणी भराभर येतं, डबा भरतो, घरमालकाला वाटतं टाकी साफ झाली. गाळ मात्र जिथल्या तिथं असतो आणि काही महिन्यांत पुन्हा फोन येतो. म्हणून आम्ही आधी लांब बांबूला पांढरं फडकं गुंडाळून टाकीत उभा सोडतो. बाहेर काढल्यावर फडक्यावर जिथवर काळं लागलेलं दिसतं तिथवर गाळ. साय आणि गाळ मिळून टाकीची एक तृतीयांश खोली भरली असेल तर उपसायची वेळ झाली. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी असं म्हटलंय. सगळा गाळ खरवडून काढायचा नसतो, हेही मला नवीन होतं. नवा मैला कुजवणारे जिवाणू तळाच्या गाळातच असतात, म्हणून थोडा गाळ मुद्दाम ठेवतात.

पुष्कळ वेळा तर टाकी भरलेलीच नसते. संडासाचं पाणी उतरत नाही म्हणून लोक बोलावतात आणि आम्ही बघतो तर चोकअप मधल्या चेंबरमध्ये. पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या गावांतून फोन वाढतात. तिथं शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाण्यानं तुडुंब झालेली असते. खेप काढली तरी भोवतालचं पाणी रात्रीतून परत आत येतं. अशा वेळी मामा माणसाला स्पष्ट सांगतात, “आत्ता पैसे घालवू नका, पाऊस उघडू द्या.” खेड्यांत दोन खड्ड्यांचे संडास बरेच झालेत. तिथं एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा. आतलं कुजून मातीसारखं खत होतं, टँकर लागतच नाही. काम नको म्हणायलाही मी मामांकडूनच शिकलो. त्या घरचा माणूस पुढं दहा जणांना आपलं नाव सांगतो.

मामा सर्वांत जास्त वेळ वायूबद्दल बोलले. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास ओळखायची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे धोका टळला असं वाटतं तेव्हाच तो सर्वांत जास्त असतो. मिथेन पेट घेतो. पूर्वी लोक पेटती चिमणी आत सोडून ‘हवा बघायचे’, ते तर हात जोडून टाळायला हवं. आम्ही सगळी झाकणं उघडून ठेवतो, लेकरांना लांब करतो, बिडी-काडी बंद करतो आणि गॅस मीटर दोरीनं आत सोडतो. पाइप अडकला, झाकण आत पडलं, काहीही झालं तरी आत कोणी उतरत नाही. गळ टाकून काढतो, नाहीतर ते तिथंच राहू देतो.

आमच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. आपलं माणूस डोळ्यांदेखत कोसळताना कोणालाही आत झेप घ्यावीशी वाटणारच. म्हणून नियम टाकीचं झाकण उघडण्याआधीच मनात पक्का असावा लागतो.

कायदाही तेच सांगतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरवणं गुन्हा आहे आणि तो घरमालकालाही लागू होतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. लोकांना हे माहीत नसतं. “एक पोरगा आत उतरवा की, लवकर होईल,” असं अजून सहज म्हटलं जातं.

हे सगळं कळल्यावर मी भावाचा हिशेब मांडायला बसलो. पहिली पायरी मोजमापाची. टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घेऊन गुणायची, आलेल्या घनफुटाला २८.३ नं गुणलं की लिटर मिळतात. आठ बाय पाच बाय पाच फुटांची टाकी दोनशे घनफूट, म्हणजे साडेपाच हजार लिटरच्या वर. चार हजार लिटरच्या टँकरला दोन खेपा. हे फोनवरच विचारलं की दोघांनाही अंदाज येतो.

दुसरी पायरी खर्चाची. समजा, एका खेपेला जाणं-येणं आणि पंप चालवणं मिळून सहा लिटर डिझेल लागलं, तर साडेपाचशे रुपये. दोन माणसांची मजुरी खेपेवर वाटली तर चारशे. टँकरचा हप्ता तीनशे. तेल, टायर, पाइप, दुरुस्ती दोनशे. हातमोजे, बूट, गॅस मीटर आणि माणसांचा विमा दीडशे. झाले सोळाशे. अजून घरात एक रुपया आलेला नाही. पावसाळ्यातल्या मोकळ्या दिवसांसाठी आणि स्वतःच्या पोटासाठी चारशे धरले की दोन हजार होतात. पाइप लांब टाकावा लागला, झाकणावरची फरशी फोडावी लागली किंवा गाळ दगडासारखा झाला असेल तर जास्त. ते आधीच बोलून ठेवायचं, नंतर दारात हुज्जत नको.

मग कोणी बाराशेत करून देतो म्हणाला तर तो आठशे रुपये कुठून वाचवतो, हा प्रश्न मला पडायला लागला. डिझेलला सगळ्यांना सारखेच पैसे पडतात. वाचवता येतात अशा जागा दोनच. एक, विमा-मोजे-मीटर सोडून द्यायचं आणि अडचण आली की माणूस आत उतरवायचा. दुसरी, प्रक्रिया केंद्रापर्यंत न जाता रात्री जवळच्या ओढ्यात डबा मोकळा करायचा. तो ओढा पुढं कुणाच्या तरी विहिरीला मिळतो. राज्यातल्या बऱ्याच शहरांत आता मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं झालीत, पण तिथवरचं डिझेल भावात धरलेलं नसेल तर टँकर तिथं पोचणार नाही.

याहून बरी वाट दोन लहान शहरांनी दाखवली आहे. साताऱ्यातलं वाई आणि संगमनेरहून नाशिककडं जाताना लागणारं सिन्नर. तिथं लोक तुंबल्यावर फोन करत नाहीत. नगरपरिषदेनं ठेकेदार नेमला आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरल्या क्रमानं उपसायची पद्धत बसवली. गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. वाईत घरपट्टीबरोबर स्वच्छता कर घेतात, त्यामुळे उपशाच्या वेळी दारात पैसे मोजावे लागत नाहीत. टँकरवाल्याला वर्षभर काम, लोकांना घासाघीस नाही आणि ओढ्यात टाकून पैसे वाचवायचं कारणच उरत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपरिषदेनं आणि मोठ्या ग्रामपंचायतीनं हे करावं, असं मला मनापासून वाटतं. एखाद्या वाडीला ते एकटीला झेपणार नाही, पण चार गावं मिळून जमेल.

ते होईपर्यंत टँकर बोलावणाऱ्या घरांना माझी एक विनंती आहे. आकडा विचाराच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारा: माणूस आत उतरणार नाही ना, आणि गाळ कुठं नेणार? या दोन्हींचं सरळ उत्तर जो देतो त्याचा भाव शे-दोनशेनं जास्त असेल, तर ते पैसे द्या. टाकीजवळ उभा असलेला माणूस संध्याकाळी घरी जावा, यासाठीच ते लागतात.