कादंबऱ्यांचा कुर्सीनामा

इंग्रजी कादंबरी कोणती वाचावी, हा प्रश्न विद्यार्थिदशेत मला पडण्याचे कारणच नव्हते. अभ्यासक्रमात नेमलेली किंवा ग्रंथालयाच्या फडताळात उरलेली, एवढ्या दोनच वाटांनी ती हाती येई. पुढे मुंबईस नोकरी लागली, फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या राशींपुढे उभे राहण्याची मुभा मिळाली, आणि निवडीचा अखत्यार हाती येताच मती कुंठित झाली. अभिजात, रहस्यमय, वैज्ञानिक अशी वर्गवारी विद्वानांनी लावून दिलेली होती. पण तिने पुस्तकांची दालने कळत, वाट कळत नसे.

ती वाट दाखवली विल्की कॉलिन्सच्या १८६८ मधील 'द मूनस्टोन'ने. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला हिरा यॉर्कशायरच्या हवेलीतून नाहीसा होतो, या कुतूहलाने मी ती घेतली. परंतु मनात ठाण मांडून बसला तो हवेलीचा वृद्ध कारभारी गॅब्रिएल बेटरेज. संकट आले की हा सद्गृहस्थ पाइप ओढीत 'रॉबिन्सन क्रूसो' उघडतो, आपल्याकडे गुरुचरित्राचे पान उघडून कौल पाहावा तितक्या श्रद्धेने त्यात मार्ग शोधतो, आणि अशा वापराने आपण सहा भक्कम प्रती झिजवल्याचे सांगतो. ज्या ग्रंथावर एका माणसाने इतका भरवसा टाकला, तो पाहिल्यावाचून राहवेना. डॅनियल डिफोची १७१९ ची ती कादंबरी आणली. निर्जन बेटावर एकाकी पडलेला क्रूसो आपल्या दैवाचा बरे-वाईट असा रीतसर जमाखर्च मांडतो, ते पान वाचताना बेटरेजच्या श्रद्धेचे रहस्य उलगडले. तेथून १९८६ च्या, कुट्सीच्या 'फो'कडे वळणे ओघानेच आले. त्याच बेटावर तेथे सूझन बार्टन नावाची स्त्री येऊन पोहोचते, आणि क्रूसोचा सेवक फ्रायडे याला जीभच उरलेली नसते.

तेव्हापासून मी दालने सोडून नाती धुंडाळू लागलो. 'जेन एअर'मध्ये पोटमाळ्यावर कोंडलेल्या स्त्रीची कैफियत कोणी ऐकून घेत नाही, हे शल्य बाळगून असणाऱ्याने १९६६ मधील जीन र्‍हीसची 'वाइड सरगॅसो सी' वाचावी. एकशे एकोणीस वर्षे ओलांडून त्या दुर्दैवी स्त्रीला तेथे बालपण, देश आणि वाणी लाभते. एका लेखिकेने दुसरीच्या कृतीला इतका गंभीर, इतका प्रेमयुक्त जाब विचारावा, याहून मोठा वाङ्मयीन सन्मान मला ठाऊक नाही.

ही वाट केवळ पुढेच जाते असेही नाही. काझुओ इशिगुरोच्या २००५ च्या 'नेव्हर लेट मी गो'मध्ये इतरांना अवयव पुरवण्यासाठीच निर्माण केलेली कॅथी एके दुपारी 'डॅनियल डेरोंडा' वाचत बसते, आणि तिची मैत्रीण रूथ शेजारी येऊन कथानक सांगू लागते. मरण ठरलेल्या त्या मुलीच्या हातात जॉर्ज एलियटची १८७६ मधील कादंबरी का असावी, याचा उलगडा ती वाचूनच व्हायचा. म्हणून सध्या तीच घेतली आहे: जुगाराच्या मेजाशी जिंकत असलेल्या ग्वेंडोलेनवर डेरोंडाची नजर पडली आहे, आणि तिचे दान उलटू लागले आहे.