सासूबाईंची कोजागरी

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झालेली असतात आणि दिवाळीची भाजणी अजून दळायची असते, त्या मधल्या दिवसांत आपण बायका काय करतो, सांगा बरं मैत्रिणींनो? माळे आवरतो. पंख्यावरची जळमटं काढतो. गाद्या उन्हात टाकतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्याला नावं ठेवत पदरानं घाम पुसतो. सुट्टी म्हणजे मे महिना, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की या दिवसांत कुठे जाता येतं हेच सुचत नाही. मेमध्ये मग सगळं जग एकाच वेळी बाहेर पडतं, खोल्यांचे भाव दुप्पट होतात, डोंगर तापून करडे पडलेले असतात, आणि आपण थकून परत येतो.

मला हे सुचलं ते नणंदेमुळे. ती इंग्लंडमध्ये असते. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना आठवडाभर सुट्टी असते. २०२३ साली त्या सुट्टीत ती मुलांना घेऊन कॉट्सवोल्ड्स या भागात गेली होती. मधाच्या रंगाच्या दगडांची बैठी घरं, ओली हिरवी कुरणं, आणि वेस्टनबर्ट नावाच्या वृक्षोद्यानातली मेपलची झाडं. कुठे लालभडक, कुठे हळदीसारखी पिवळी. फोनवर एकामागून एक फोटो येत होते. मी ते सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि विचारलं, "काय गं, झाडं आजारी आहेत का?"

मी हसले, पण प्रश्न काही वेडा नव्हता. मी अर्धवेळ शिकवते, आणि इंग्रजीच्या तासाला 'ऑटम'चा धडा आला की मुलं डोळे मिटून लिहितात, ऑक्टोबरात पानं गळतात. खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड हिरवंगार उभं असतं, त्याच्याकडे कुणी बघत नाही! तिकडे दिवस लहान होतात, थंडी पडते, तसा पानांतला हिरवा रंग जिरतो आणि आतला पिवळा दिसू लागतो. आपल्याकडची बरीचशी पानगळ होते ती शिशिरात आणि पुढे, जमिनीतलं पाणी आटू लागल्यावर. आश्विन-कार्तिकातला आपला शरद म्हणजे उलट भरलेला ऋतू. पाऊस नुकताच गेलेला, आभाळ धुतल्यासारखं, शेतात भात पिवळं पडलेलं. कोजागरीलाच नवान्न पौर्णिमा म्हणतात ते काही उगाच नाही. गंमत म्हणजे इंग्रजही सप्टेंबरातल्या समान दिवस-रात्रीच्या सगळ्यात जवळ येणाऱ्या पौर्णिमेला 'हार्वेस्ट मून', म्हणजे सुगीचा चंद्र म्हणतात.

फोटो बघून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाहिलं बाई. माझं आता काही बघायचं राहिलं नाही." हे त्या अलीकडे वरचेवर म्हणत. मामंजी गेल्यापासून दोन वर्षांत त्या सोसायटीच्या फाटकाबाहेर फार तर दवाखान्यापर्यंत गेल्या असतील. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं, आणि त्यांनी मनात धरलं होतं की ऑपरेशननंतर आपण काही उठत नाही. कोणी कितीही समजावलं तरी त्या नुसत्या मान डोलवत. मला त्या मान डोलावण्याची भीती वाटायला लागली होती.

आणि राहिलं नाही कसं? मामंजी अंबरनाथला कारखान्यात होते. दर वर्षी म्हणायचे, यंदा माथेरान करू. डोंबिवलीत एकेचाळीस वर्षं काढली, कर्जत गाडीनं नातेवाइकांच्या लग्नांना शंभर वेळा गेल्या, बदलापूर सोडलं की उजव्या हाताला तो डोंगर दर वेळी दिसला. पण पाय काही लागला नाही.

ह्यांनी आधी नाहीच म्हटलं. "आईचे गुडघे, आणि तिथे गाडी जात नाही!" खरंच आहे. माथेरानात मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्यापाशी सगळ्यांनी उतरायचं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि तेव्हा ती अजून सुरू झाली नव्हती. पण अमन लॉज ते माथेरान एवढ्या टप्प्यात गाडी चालू होती, आणि स्टेशन बाजारातच आहे. स्टेशनापासून जवळची, तळमजल्यावरची खोली मिळाली तर का नाही जमणार? मी तशी खोली शोधली. शाळेच्या सहामाहीचे पेपर गठ्ठ्यानं तपासून टाकले, आणि शनिवारी, कोजागरीच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. सासूबाई आल्या त्या नातवानं हात धरला म्हणून. माझ्या आग्रहाला त्या बधल्या नसत्या.

सकाळच्या वेळी कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसून बघा एकदा! सगळं जग मुंबईकडे लोंबकळत चाललेलं आणि आपण उलट्या दिशेनं, खिडकीपाशी, पाय पसरून. विठ्ठलवाडी, उल्हासनगरपर्यंत नुसत्या भिंती. बदलापूर गेलं की भाताची खाचरं सुरू होतात. वांगणीला काही खाचरांत कापणी चालू होती. सासूबाईंनी पिशवीतून काकडी काढून चिरायला घेतली तेव्हा मी ओळखलं, प्रवास लागू पडतोय.

माथेरानचा शोध लावला असं ज्यांच्याबद्दल म्हणतात ते ह्यू मॅलेट हे ठाण्याचेच कलेक्टर होते. १८५०च्या मे महिन्यात ते खालच्या चौक गावाहून वर चढले. तेव्हा मुंबई-ठाणे आगगाडीसुद्धा सुरू झाली नव्हती, ती १८५३ची. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ठिकाण नावारूपाला आणलं. साहेबाला इथे आपलं गाव दिसलं असावं, म्हणून तर शार्लोट तलाव, लुईझा पॉइंट अशी नावं. गाडी मात्र आणली ती पीरभॉय कुटुंबानं, १९०७ साली, दोन फुटी रुळांवरून. आणि शोध लावला म्हणायचं तरी कसं? डोंगरात ठाकर-धनगर होतेच की. हुतात्मा भाई कोतवाल इथलेच. १९१२ साली माथेरानात जन्मले आणि १९४३ साली सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. मुलाला हे सांगत होते तेव्हा तो माकडं मोजत होता.

दुपारी ऊन होतं, पण झाडांखाली ते अंगाला लागत नव्हतं. जांभळं, हिरडे, अंजनी, सगळी एकमेकांत फांद्या गुंतवून उभी. वाटा लाल मातीच्या. पांढऱ्या साड्या मुळीच नेऊ नका, बायांनो. तो लाल रंग दोन धुण्यांतही निघत नाही. चपलांऐवजी बंद बूट घ्या आणि खाऊची पिशवी माकडांना दिसेल अशी धरू नका.

सासूबाईंना शार्लोट तलावाकाठचं पिसरनाथाचं देऊळ करायचं होतं. वाट दीडेक किलोमीटरची, म्हणजे त्यांना न झेपणारी. ई-रिक्षांचा प्रयोग २०२२च्या डिसेंबरात झाला होता, पण तेव्हा तो थांबलेला होता. उरलं काय, घोडा नाहीतर हातरिक्षा. एकजण पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो. सासूबाई कडाडल्या, "माणसाच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, ते शेवटी. आत्ता नाही."

रिक्षावाले दोघे चाळिशीचे असतील. त्यांतला एक शांतपणे म्हणाला, "आजी, तुमच्यासारख्या सगळ्याच असं म्हणाल्या तर आमच्या घरी चूल कशी पेटायची?"

काय बोलणार यावर? ह्यांनी त्याची बाजू घेतली, मी सासूबाईंची, आणि आम्ही रस्त्यातच वाद घालू लागलो. सासूबाईंनीच तोडगा काढला. ठरलेले सगळे पैसे आधीच त्यांच्या हातावर ठेवले, रिक्षात पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि नातू बसवला, आणि स्वतः रिक्षाचा दांडा धरून चालू लागल्या. दर शंभर पावलांना दगडावर बसायच्या. रिक्षावाले थांबायचे. तास-सव्वा तास लागला, पण देवळात त्या आपल्या पायांनी शिरल्या.

येताना चढ होता आणि गुडघ्यानं साफ नकार दिला. त्या काही न बोलता रिक्षात बसल्या, दोन्ही हात जोडले, आणि मला म्हणाल्या, "तू मागून ढकल. आणि ह्यालाही सांग." आम्ही नवरा-बायकोनं शेवटपर्यंत मागच्या रिक्षावाल्याबरोबर ढकललं. माझे खांदे दोन दिवस दुखत होते. लोक रोज हे करतात!

त्या रात्री कोजागरी आणि चंद्रग्रहण एकत्र आलं होतं. २८ ऑक्टोबरची ती रात्र आठवत असेल तुम्हाला. दुपारनंतर वेध, मग दूध प्यायचं की नाही यावरून घरोघरी चर्चा झाल्या होत्या. मला वाटलं, आमचा केशर-वेलदोड्याचा पुडा तसाच परत जाणार. सासूबाई म्हणाल्या, "लहान मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं यांना सूट असते. मी म्हातारी आणि आजारी, दोन्ही आहे. आटव दूध." मुलगा आणि त्या दूध प्यायल्या, आम्ही दोघं धट्टेकट्टे बघत बसलो.

ग्रहण एकनंतर लागणार होतं. त्या झोपल्याच नाहीत. आम्ही अंगणात खुर्च्या टाकून, शाली पांघरून बसलो. डोंबिवलीत या दिवसांत रात्री शाल, कल्पना तरी करा. चंद्राशेजारी गुरूचा टपोरा ठिपका होता. पावणेदोनला चंद्राच्या कडेला सावलीचा छोटासा घास पडलेला दिसला, आणि नेमका तेव्हाच नणंदेचा फोन. तिच्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजत होते. तीही मुलांना घेऊन बाहेर उभी होती, पण वर नुसते ढग. "आई, तुला दिसतोय?" "दिसतोय की! उंदरानं पोळी कुरतडावी तसा. तू ये इकडे, ढगांत काय उभी राहिलीस!"

मग बराच वेळ गप्प राहून त्या मला म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख घ्यायला सांग त्याला. दिवाळीनंतरची."

तारीख मिळाली, ऑपरेशन झालं, महिनाभर व्यायामाच्या नावानं त्यांनी घर डोक्यावर घेतलं, आणि फेब्रुवारीत त्या काठी न घेता भाजी आणायला गेल्या. २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून रिक्षावाल्यांना ई-रिक्षा देण्याची योजना करायला सांगितलं, ती बातमी त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. मग विचारलं, "त्या दोघांना मिळेल ना गं?" आणि थोड्या वेळानं, "लुईझा पॉइंट राहिलाय आपला."