टोमॅटोचे थोडे दिवस

थंड देशांतील माळ्यास टोमॅटोसाठी वर्षातील थोडेच महिने लाभतात. एका हिवाळ्याचे हिम सरल्यावर आणि दुसऱ्याचे पडण्यापूर्वी त्यास फळ पदरात पाडून घ्यावे लागते. हे वाचून आम्हांस प्रथम त्याची कीव आली. परंतु पुढे कळून आले की, आमच्या जव्हार-मोखाड्याची स्थिती फारशी निराळी नाही. या डोंगरी मुलखात पाऊस उदंड कोसळतो, उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळा लागतो न लागतो तोच विहिरींचा तळ दिसू लागतो. तिकडे हिमाचे बंधन, इकडे पाण्याचे!

पहिल्या वर्षी आम्ही भावंडांनी भाताची कापणी आटोपल्यावर, कार्तिकात, परसात बी टाकले. पौषातील रात्री गारठ्याच्या. रोपे जागच्या जागी खुंटली. रात्रीचे उष्णमान १३ अंशांखाली उतरले म्हणजे टोमॅटोस फळ धरणे कठीण जाते, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. फाल्गुनात कोठे हिरवी फळे दिसू लागली, तोच विहीर आटली. आई दुरून डोक्यावर हंडा आणीत असे. एके सायंकाळी त्यातील दोन तांबे पाणी आम्ही गुपचूप रोपांस घातले. आईने ते पाहिले. पण ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पोरांनो, झाड जगावं हे खरं, पण आता भात कशात शिजवू?" आमच्या माना खाली गेल्या. रोपे वाळून गेली.

दुसऱ्या वर्षी आम्ही त्या परदेशी माळ्याचाच धडा गिरवला. बाहेर हिम असतानाच तो घरात रोपे तयार करतो. आम्ही बाहेर पाऊस असतानाच, भाद्रपदात, पडवीतील टोपल्यांत बी पेरले. उघडीप मिळताच टोपल्या अंगणात नेत असू. आश्विनात पाऊस सरल्यावर महिन्याची रोपे परसात लावली, काठ्यांचा आधार दिला आणि ओल टिकावी म्हणून बुडाशी पेंढा पसरला. विहीर भरलेली होती तोवर तिचे पाणी दिले. पुढे भांडी विसळलेल्या पाण्यावरच भागवले.

मार्गशीर्षाच्या अखेरीस पहिले फळ पिकले. ऋतू कोणासाठी थांबत नाही. आपणच त्याच्या आधी कामास लागावे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आईने ते फळ कापून सर्वांस वाटले. बिया मात्र राखेत घोळून, पुढील भाद्रपदासाठी, जपून ठेवल्या.