हाक आणि ओ

आमच्या होस्टेलवर जळगाव विरुद्ध धुळे हा वाद बारमाही. पीएचपी शिकताना मी तोच कामाला लावला. 'जळगाव' आणि 'धुळे' असे दोन क्लास लिहिले. मी कॉन्व्हेंटवाला, मराठीत आकडेसुद्धा अडखळत म्हणणारा; पण पीएचपीला देवनागरी नावं चक्क चालतात!

दोघांत 'ओळख' ही स्टॅटिक मेथड ठेवली. स्टॅटिक म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासला हाक. पण कुठल्या गावाला हाक मारायची, हे प्रोग्रॅम चालू असताना ठरणार असेल तर? इफ-एल्सची रांग लावली, तर गाव वाढलं की रांगही वाढते. त्यापेक्षा नाव $गाव मध्ये ठेवायचं आणि लिहायचं $गाव::ओळख(). 'जळगाव' ठेवलं की केळी आणि भरीत हजर! ही सोय २००९ च्या ५.३ आवृत्तीत आली. तोवर 'कॉल यूझर फंक'ला मध्यस्थ घ्यावं लागे.

कन्स्ट्रक्टरचं वेगळं. ऑब्जेक्ट अजून जन्मलेलाच नसतो, हाक कोणाला मारणार? तिथे 'न्यू'पुढे तेच $गाव लिहायचं. कन्स्ट्रक्टरला द्यायच्या गोष्टी किती, हे आधी ठाऊक नसेल तर २०१४ च्या ५.६ पासून अ‍ॅरेआधी तीन टिंबं पुरतात.

पण सांभाळून! नाव बाहेरच्याने टाइप केलेलं असेल, तर तो नको त्या क्लासलाही उठवेल. म्हणून आधी मान्य नावांची यादी, मगच हाक. आमचे वॉचमनकाकाही रजिस्टर पाहूनच रूमवर निरोप धाडतात ना!

एक मात्र खरं. माझ्या मराठी हाकेला यंत्राने ओ दिली, तेव्हापासून मराठी लिहायला मी लाजत नाही.