विहिरीवरचा वावळ का ठेवला



मेहरूण म्हटलं की सगळ्यांना बोरं आठवतात. आज मात्र वावळाबद्दल. परवा एक लाकूड घेणारा विहिरीजवळच्या जुन्या वावळाचा भाव करायला आला. मी नाही म्हटलं. तो म्हणे, "भाऊ, तोडला तरी परत फुटतो." खरंय, बुंध्यातून फूट येते. पण एवढी सावली परत व्हायला माझं वय पुरणार नाही.

वावळ म्हणजे हिंदीतला चिलबिल, थंड देशांतल्या एल्मच्या कुळातला. तो आपल्या ४४-४५ अंशातही उभा राहतो. ओळखायला सोपा: राखाडी साल, तिचे खवले निघतात. पान चुरगाळलं की उग्र वास. थंडी सरताना पानं झडतात, उघड्या फांद्यांवर बारीक हिरवट फुलं येतात, मग चपट्या पापड्यांचे झुपके. आतलं बी पोरं आवडीनं खातात.

जमीन खोल, निचऱ्याची हवी. गाळाची असेल तर उत्तम. पाणी साचतं तिथे लावू नका. ऊन भरपूर पाहिजे. झाड २० मीटरच्या वर जातं, म्हणून दोन झाडांत ३०-३५ फूट तरी ठेवा. उत्तरेच्या बांधावर लावलं तर हिवाळ्यात सावली आपल्या पिकावर पडत नाही, पण शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या. घराला खेटून नको, परागकणांनी काहींना शिंका-दम्याचा त्रास होतो. केळीच्या बागेला वारा अडवायला एकट्या वावळावर विसंबू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उघडा असतो. सोबत शेवरी लावाच.

लाकडाला कीड लवकर लागते, त्यामुळे भाव बेताचा. पाला मात्र जनावरं खातात, म्हणूनच रोपाला काटेरी कुंपण लागतं.

मुख्य गोष्ट बियाची. एप्रिल-मेमध्ये पापड्या वाळून वाऱ्यावर उडतात. तेव्हाच गोळा करा आणि लगेच पिशवीत उथळ पेरा. बी ठेवून दिलं की उगवण घटत जाते. एक-दोन आठवड्यांत कोंब येतो, पुढच्या पावसाळ्यात रोप बांधावर जातं.

आणि एक. मेहरूण महापालिका हद्दीत आहे. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते, स्वतःच्या जागेतलं असलं तरी.

तुमच्या शिवारात जुने वावळ किती उरलेत? गावाचं नाव टाकून सांगा. या उन्हाळ्यात बी वाटून घेऊ.